जमिनीवर ठणठणीत, चढताना खोकला: घरी बांधलेल्या विमानाचं एक हट्टी दुखणं

मी पलूसला द्राक्षबागांचे फवारणीचे ब्लोअर, एचटीपी पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करतो. विमानाशी माझा संबंध आला तो सरांमुळे. सर आयटीआयमधून निवृत्त झाले आणि घरामागच्या शेडमध्ये दोन सीटचं, पंख वर असलेलं छोटं विमान बांधायला बसले. सातारा जिल्ह्याच्या अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं आणि २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं, तेव्हापासून सरांच्या डोक्यात हे घोळत होतं. त्यांच्या विमानाला ८० हॉर्सपॉवरचं रोटॅक्स ९१२ इंजिन आहे: चार सिलिंडर, आणि हवेत पेट्रोल मिसळून देणारे दोन कार्ब्युरेटर. कागदपत्रं डीजीसीए म्हणजे सरकारच्या विमान खात्याकडून, सही एएमईची म्हणजे विमान-देखभाल इंजिनिअरची, उडवायला परवानाधारक कॅप्टन आणि उड्डाण परवानगी घेऊन कराडच्या धावपट्टीवरून. माझं काम पाना धरायचं आणि शिव्या खायचं.

या एका विमानाने मला एकाच तक्रारीवर पाच वेळा नाचवलं. त्याशिवाय दोन ट्राइकवर, म्हणजे पतंगासारख्या पंखाखाली टांगलेल्या तीनचाकी विमानांवर, हेच दुखणं बघितलं. सात वेळांपैकी इंजिनात दोष निघाला एकदा. बाकी सहा वेळा दोष टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या वाटेत होता, म्हणजे आम्ही आमच्या हातांनी बांधलेल्या भागात. म्हणून खालच्या यादीत कार्ब्युरेटर शेवटी आहे. लोक सुरुवात तिथूनच करतात. पहिल्या वेळी मीही केली होती.

लक्षणं

शेडमध्ये इंजिन पहिल्या झटक्यात चालू होतं. फुल थ्रॉटलला आरपीएम बरोबर, आवाज एकसारखा. जमिनीवर चाकांवर फिरवतानाही काही तक्रार नाही. टेकऑफही छान होतो. मग नाक वर धरून चढताना मिनिट-दोन मिनिटांनी इंजिन खोकतं. आरपीएम दोन-तीनशेने खाली-वर होतात. एक्झॉस्टचं तापमान चढायला लागतं. कॅप्टन थ्रॉटल थोडा मागे घेतात, नाक सपाट करतात, की इंजिन पुन्हा शहाण्यासारखं चालतं. खाली उतरून शेडमध्ये आणावं तर पुन्हा ठणठणीत, जणू काही झालंच नव्हतं.

थ्रॉटल कमी केल्यावर सावरणं, ही या दुखण्याची खूण. इंजिनला जितकं पेट्रोल लागतंय तितकं पोचत नाही. मागणी कमी केली की पोचणारं पेट्रोल पुरतं.

याच्यासारखी दिसणारी तीन दुखणी वेगळी आहेत, ती आधी बाजूला काढा.

एक, न खोकता नुसती ताकद कमी लागणं. कराडची पट्टी समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांना तिथली हवा इतकी पातळ असते की इंजिनाच्या आणि पंखांच्या लेखी विमान जवळपास दीड हजार मीटरवर उभं असतं. विमान रेंगाळत चढलं तर त्यात दोष नाही, दुपारी उडायला निघालेल्या माणसाचा आहे. सकाळी सातला या.

दोन, पावसाळी दमट सकाळी थ्रॉटल कमी ठेवून खाली येताना आरपीएम हळूहळू गळणं. ते कार्ब्युरेटरमधलं बर्फ. बाहेर २० अंश असतानाही होतं, कारण पेट्रोलची वाफ होताना आणि अरुंद गळ्यातून हवा खेचली जाताना तापमान झपाट्याने पडतं. आपलं दुखणं फुल थ्रॉटलला येतं, हे बहुतेक वेळा बंद थ्रॉटलला.

तीन, आयडलला, म्हणजे थ्रॉटल बंद ठेवून इंजिन नुसतं फिरत असताना, विमान थडथड हलणं. ते दोन कार्ब्युरेटर एकमेकांशी न जुळल्याचं लक्षण. जुळवायलाच हवं, नाहीतर गिअरबॉक्स मार खातो, पण त्याने चढतानाचा खोकला जात नाही.

शेडमधली चाचणी का फसवते

कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत, फ्लोट बाउलमध्ये, थोडं पेट्रोल साठलेलं असतं. आपण शेडमध्ये फुल थ्रॉटल किती वेळ देतो? अर्धा मिनिट, फार तर पाऊण. शेजारच्या घरातल्या आजी ओरडतात, धूळ उडते, शेपटीला बांधलेला ट्रॅक्टर हलतोय की काय अशी शंका येते आणि आपण थ्रॉटल ओढून घेतो. तोवर निम्मं काम बाउलमधल्या साठ्यावर झालेलं असतं. शिवाय विमान सपाट उभं असतं, टाकी बऱ्यापैकी भरलेली असते आणि इंजिनाच्या कप्प्यात उष्णता साठलेली नसते. चढताना यातली प्रत्येक गोष्ट उलटी होते.

आता क्रमाने. कशालाही हात लावण्याआधी इग्निशनचे दोन्ही स्विच बंद, चाकांना अडसर, आणि पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. गरम इंजिन स्विच बंद असतानाही पंखा हाताने हलवल्यावर अर्धा फेरा घेऊ शकतं. ब्लोअरच्या पंख्याने बोट गेलेला माणूस आमच्या गल्लीत आहे, आणि हा पंखा त्याहून कितीतरी मोठा आहे.

१. वही. खर्च शून्य.

कॅप्टन उतरल्या उतरल्या, चहाच्या आधी, त्यांच्याकडून पाच उत्तरं लिहून घ्या. कितव्या मिनिटाला खोकलं? नाक किती वर होतं? टाकीत किती पेट्रोल होतं? जादा इलेक्ट्रिक पंप चालू केल्यावर सावरलं का? दिवसातलं हे कितवं उड्डाण? मीटरच्या पाटीसमोर मोबाइल लावून व्हिडिओ घेतला तर उत्तमच. माणसाची आठवण दहा मिनिटांत गोष्ट रचायला लागते, अगदी कॅप्टनचीसुद्धा.

या उत्तरांतून निम्मं निदान होतं. हळूहळू, मिनिटागणिक वाढत जाणारा खोकला म्हणजे टाकीला श्वास नाही. थंड सकाळच्या पहिल्या उड्डाणाला ठीक आणि वीस मिनिटं उन्हात थांबून दुसऱ्याला खोकला, तर पेट्रोल नळीतच उकळतंय. एकच मोठा ठसका आणि मग सगळं सुरळीत, तर पाणी. वेग बदलला की तक्रार बदलते, तर बाउलच्या हवेच्या नळ्या बघायच्या. आणि बटण दाबल्यासारखं अचानक येऊन अचानक गेलं तर वायरिंग.

२. टाकीचा श्वास. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं.

टाकीतून पेट्रोल बाहेर गेलं की तितकी हवा आत यावी लागते. ती येते व्हेंटच्या बारीक नळीतून. नळी बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पंप त्या पोकळीशी भांडत बसतो. विमान उतरल्यावर टाकीचं झाकण उघडताना ‘स्सक्’ करून हवा आत ओढली गेली, तर चोर सापडला.

आमच्याकडे तो चोर निघाला कुंभारीण. हीच ती माशी, जी दाराच्या चौकटीत, स्विचबोर्डात, कधी रेडिओच्या मागे मातीची घरटी करते. विमान अकरा दिवस शेडमध्ये उभं होतं. नळीच्या तोंडाशी आत बोटभर अंतरावर मातीचं बूच, अगदी लिंपून गुळगुळीत केलेलं. तार घालून ओढलं तर आधी माती आली, मग चार लुळे पडलेले कोळी आणि एक पांढरी अळी. सर बराच वेळ तळहातावर घेऊन बघत होते. म्हणाले, “हिचं फिटिंग आपल्यापेक्षा चांगलंय.”

तपासायला झाकण उघडं ठेवून नळीला स्वच्छ रबरी पाइप लावा आणि तोंडाने हळू फुंका. हवा सहज आत गेली पाहिजे. तोंडाने ओढू नका, पेट्रोल पोटात जाईल. कॉम्प्रेसर तर लावूच नका. झाकण चुकून बंद असेल तर फायबरची टाकी सांध्यातून उघडते, आणि मग तुम्हाला माझ्या पोस्टची नाही, नव्या टाकीची गरज लागते.

उपाय: उभ्या विमानाच्या व्हेंटवर टोपी आणि टोपीला हातभर लांब लाल रिबन, म्हणजे काढायची राहणार नाही. नळीच्या मागच्या बाजूला एक लहान जादा भोक, तोंड बुजलं तर दुसरी वाट. बारीक जाळी लावायचा मोह होतो, पण जाळी धुळीने बुजते. ऊसतोडीच्या दिवसांत तर पाचट जाळल्याची काजळी सगळीकडे उडत असते, दोन दिवसांत जाळी काळी.

३. तळाचं पेट्रोल. खर्च एका काचेच्या बरणीचा.

टाकीच्या सर्वांत खालच्या बिंदूवरून आणि इंजिनआधीच्या गॅस्कोलेटरमधून, म्हणजे पाणी आणि गाळ अडवणाऱ्या वाटीतून, स्वच्छ बरणीत पेट्रोल काढा, उजेडाकडे धरा. पाणी तळाशी थेंबांनी लोळतं. गाळ दिसतो. विमान रात्रभर उभं असेल तर हे सकाळी, हलवण्याआधी करायचं. हलवलं की पाणी पुन्हा पसरतं.

आता इथेनॉल. इंजिनाच्या उत्पादकाची परवानगी दहा टक्क्यांपर्यंत आहे. आपल्या पंपांवर २०२५ पासून वीस टक्क्यांचं मिश्रण सर्रास आहे. गंमत म्हणजे हे इथेनॉल आमच्याच उसाचं: सर कारखान्याला ऊस घालतात आणि त्याच उसाने त्यांच्या विमानाच्या नळ्या फुगतात. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं, एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर तळाशी बसतो, आणि टाकीचं तोंडही तळाशीच असतं. काही रबरं आणि टाकीची काही रेझिनं त्यात मऊ पडतात.

मोजायला सोपं आहे. मापाच्या उभ्या काचनळीत १० मिली पाणी, त्यावर पेट्रोल घालून ११० ची खूण गाठा. बूच लावून मिनिटभर हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं. खालचा थर १० वरून जितका वाढला तितके साधारण टक्के इथेनॉल. आमचा ३० च्या जवळ गेला होता.

तेव्हापासून विमान एव्हिएशन पेट्रोलवर आहे. २०२२ पासून इंडियन ऑइल ते देशातच बनवतं. महाग पडतं. त्यात शिसं असतं, म्हणून इंजिन ऑइल लवकर बदलावं लागतं. पण त्यात इथेनॉल नाही आणि ते उन्हात इतक्या सहज वाफाळतही नाही.

४. इग्निशनची चाचणी. खर्च शून्य.

या इंजिनाला दोन स्वतंत्र इग्निशन आहेत. गरम झाल्यावर ४००० आरपीएमला एकेक बंद करून बघा. प्रत्येकी घट ३०० पेक्षा जास्त नको आणि दोन्हींतला फरक ११५ पेक्षा जास्त नको. एका बाजूला आरपीएम अजिबातच पडत नसतील तर खुश होऊ नका, तो स्विच बंदच करत नाहीये. म्हणजे तुम्ही ‘बंद’ समजताय ते इंजिन जिवंत आहे.

स्पार्क प्लगही काढून बघा. कॉफीच्या रंगाचे असतील तर मिश्रण ठीक. पांढरेफटक असतील तर पेट्रोल कमी पडतंय, म्हणजे आपण बरोबर वाटेवर आहोत.

५. अर्ध्या लिटरचं माप. या सगळ्या यादीतली खरी चाचणी हीच.

८० हॉर्सपॉवरचं हे इंजिन टेकऑफच्या ताकदीवर ताशी सुमारे २४ लिटर पेट्रोल पितं, म्हणजे मिनिटाला ४०० मिली. अमेरिकेच्या विमान-नियमांतला आडाखा असा की पंपाने येणारं पेट्रोल गरजेच्या सव्वापट आलं पाहिजे आणि नुसतं उतारावर येणारं दीडपट. सव्वापट म्हणजे मिनिटाला ५०० मिली. थोडक्यात, डेअरीत दूध मोजायचं अर्ध्या लिटरचं स्टीलचं माप एका मिनिटात भरलं पाहिजे. तुमच्या विमानात पंपच नसेल, नुसता उतार असेल, तर पन्नास सेकंदांत.

आणि हे मोजायचं विमान चढतानाच्या कोनात उभं करून, टाकीत अगदी कमी पेट्रोल ठेवून. सपाट विमानावर भरल्या टाकीने मोजलेला आकडा फसवा असतो.

आम्ही असं केलं. विमान उघड्यावर, शेडपासून लांब. दोन अग्निशामक सिलिंडर, मोबाइल घरात, बिडीवाल्यांना रजा. नाकाचं चाक खडीच्या पोत्यांच्या थरावर चढवलं, शेपटीखाली गादी. पाण्याच्या लेव्हलने कोन मोजला: कॅप्टनच्या चढण्याच्या कोनाहून चार-पाच अंश जास्तच ठेवला. टाकीत पाच लिटर. माप आणि विमानाची चौकट तांब्याच्या वायरने जोडली, कारण वाहत्या पेट्रोलने साचलेल्या स्थिर विजेची एक ठिणगी पुरते. प्लास्टिकचा डबा आणि प्लास्टिकचं नरसाळं या कामाला चालत नाही. कार्ब्युरेटरजवळची नळी सोडवली, मापात धरली, इलेक्ट्रिक पंप चालू. सरांचा पुतण्या घड्याळ धरून.

आदल्या दिवशी सपाट विमानावर माप ५२ सेकंदांत भरलं होतं आणि आम्ही पेढे खाल्ले होते. या वेळी तेच माप भरायला १ मिनिट ३५ सेकंद लागले. मिनिटाला सव्वातीनशे मिलीसुद्धा नाही. इंजिन मागतंय ४००.

“मिस्त्री, परत मोजा,” सर म्हणाले. परत मोजलं. १ मिनिट ३८.

एक माप भरून थांबू नका. सलग पाच-सहा मापं भरा. व्हेंटचा दोष पहिल्या मापाला दिसत नाही, चौथ्या-पाचव्याला वेळ वाढत जातो. आमचा वेळ सगळ्या मापांना साधारण तोच, म्हणजे व्हेंट ठीक, वाट अरुंद. मग मागे मागे जायचं: गॅस्कोलेटरनंतर मोजा, त्याच्या आधी मोजा, व्हॉल्व्हच्या आधी मोजा. ज्या दोन जागांमध्ये वेळ उडी मारतो, दोष त्या दोहोंमध्ये. आमची उडी थेट टाकीच्या तोंडाशी गेली. मोबाइलला लावायचा दोरीवाला कॅमेरा मिळतो, तो टाकी रिकामी करून, हवा खेळवून आत घातला. तोंडावरची जाळी फायबरच्या पांढऱ्या तुसाने लोकरीसारखी मढलेली. टाकी बांधताना घासलेला भुसा आम्ही धुतला होता, पण कोपऱ्यात राहिलेला एकेक तूस निघून तिथे जमत गेला. विमान सपाट असताना जाळीचा वरचा भाग मोकळा राहायचा. नाक वर गेलं की पेट्रोल टाकीच्या मागच्या बाजूला सरकायचं आणि जाळीचा जेवढा भाग बुडायचा तेवढा नेमका बुजलेला.

धुतल्यावर त्याच कोनात ४१ सेकंद.

फिल्टर बदलल्यावर, टाकीला हात लावल्यावर, नळी वळवल्यावर, दर वेळी हे माप पुन्हा. सरांनी वहीत त्यासाठी वेगळं पान ठेवलंय.

६. उष्णता. खर्च काही हजार.

माप बरोबर भरतं, तरी दुसऱ्या उड्डाणाला खोकला? मग नळ्यांचा मार्ग बघा. बंद केलेलं इंजिन पहिली पंधरा-वीस मिनिटं आपल्या कप्प्याला भाजत असतं, कारण पंख्याचा वारा थांबलेला असतो. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या नळीतलं पेट्रोल वाफ होतं. पंप द्रव ढकलायला बनवलेला आहे, वाफेचा बुडबुडा तो नुसता दाबतो आणि सोडतो. दाबाचा काटा थरथरतो. या इंजिनाला पेट्रोलचा दाब ०.१५ बारच्या खाली जाता कामा नये.

आमची एक नळी एक्झॉस्टपासून तीन बोटांवर होती. नकाशात नव्हती, मीच सोयीसाठी तिथून नेली होती. नळी लांबून वळवली, वर आगरोधक आवरण चढवलं, एक्झॉस्टच्या बाजूला पातळ पत्र्याची आडभिंत दिली. टाकीकडे परत जाणारी बारीक नळीही तपासा. तिच्यातून थोडं पेट्रोल सतत फिरत राहतं आणि बुडबुडे टाकीत परत जातात. तिच्यातलं भोक ०.३५ मिलिमीटरचं असायला हवं. मोठं केलं तर दाब पडतो, बुजलं तर बुडबुडे अडकतात. उतरल्यावर इंजिनाचं वरचं झाकण उघडं ठेवून विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं करणं, हा फुकटचा उपाय आहे आणि तो चालतो.

७. बाउलच्या हवेच्या नळ्या. खर्च थोडा, डोकं जास्त.

हे दुखणं जमिनीवर कधीच दिसत नाही, म्हणून याला मी सर्वांत जास्त घाबरतो. दोन्ही फ्लोट बाउलना बाहेरच्या हवेशी जोडणाऱ्या बारीक नळ्या असतात. पेट्रोल बाउलमधून गळ्यात जातं ते या दोन जागांच्या दाबातल्या फरकाने. नळीचं तोंड वाऱ्याच्या झोतात किंवा झोताच्या आडोशाला, जिथे हवा ओढली जाते तिथे आलं, की बाउलमधला दाब बदलतो आणि त्याबरोबर मिश्रण. वेग वाढला की अजून बदलतं. शेडमध्ये तपासून काही कळत नाही, कारण तिथे ताशी शंभर किलोमीटरचा वारा नसतो. एका ट्राइकवर मालकाने नळ्या ‘नीटनेटक्या’ करून बाहेर बांधल्या होत्या. त्या मॅन्युअलप्रमाणे, गळा जिथून हवा घेतो त्याच दाबाच्या शांत जागी नेल्या. तक्रार गेली.

८. फ्लोट आणि पडदा.

इथवर सगळं बरोबर निघालं तरच बाउल उघडा. बाउलमध्ये तरंगून पेट्रोलची पातळी राखणारे फ्लोट कधी कधी पेट्रोल शोषून जड होतात, हे उत्पादकानेच बुलेटिन काढून सांगितलेलं आहे. एका कार्ब्युरेटरचे दोन्ही फ्लोट मिळून ७ ग्रॅमच्या वर नकोत. सोनाराचा काटा वापरा, किराणावाल्याचा नाही. जड फ्लोट खाली बसतो, पेट्रोल उतू जातं, मिश्रण घट्ट होतं. म्हणजे पेट्रोल कमी पडण्याच्या बरोबर उलट, धूर काळा आणि प्लग काळे. वरच्या टोपीखालचा रबरी पडदा उजेडासमोर ताणून बघा. सुईच्या टोकाएवढं भोकही पुरतं: कार्ब्युरेटरच्या आतला छोटा पिस्टन पूर्ण वर येत नाही, ताकद मिळत नाही. इंजिनात सापडलेला एकमेव दोष मी वर म्हटला तो हाच होता.

आता त्या स्क्रूबद्दल, कारण ब्लोअर दुरुस्त करणारा प्रत्येक माणूस आधी तिथेच हात घालतो. बाहेरून हाताला लागणारा मिश्रणाचा स्क्रू फक्त आयडलचा आहे. फुल थ्रॉटलला पेट्रोल येतं मेन जेटमधून, म्हणजे मापाच्या मुख्य भोकातून, आणि सुईच्या शेजारून. स्क्रू दोन आटे फिरवल्याने चढतानाचा खोकला जाणार नाही, फक्त उतरताना इंजिन बंद पडायची सोय होईल. पहिल्या वेळी मी दीड दिवस तो स्क्रू फिरवत होतो आणि सर माझ्यावर विश्वास ठेवून शेजारी टॉर्च धरून उभे होते.

इथे थांबा

मेन जेट बदलायचा विचार आला की थांबा. जेट लहान-मोठा करणं म्हणजे एक्झॉस्टच्या तापमानाशी खेळणं, आणि पातळ मिश्रणावर पिस्टन जळायला एक चढण पुरते. ते काम या इंजिनाचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं.

गरम इंजिनाच्या ऑइलचा दाब ३५०० आरपीएमच्या वर २ ते ५ बारच्या बाहेर गेला, ऑइलमधला लोखंडी चुरा धरणाऱ्या मॅग्नेट प्लगवर बारीक केसाळ चुऱ्यापेक्षा मोठे, बोटाला टोचणारे धातूचे कण आले, गिअरबॉक्समधून नवा आवाज आला, पंखा जमिनीला किंवा कशाला घासला, यांपैकी काहीही झालं तर इंजिन चालूच करायचं नाही. ट्रॅक्टरला आपण ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणतो. ट्रॅक्टर बंद पडला तर बांधावर उभा राहतो.

नळी, टाकी, पंप यांत काहीही बदल केला तर एएमईची तपासणी आणि नोंद झाल्याशिवाय उड्डाण नाही. आणि ‘एकदा वर नेऊन बघू’ ही चाचणी नव्हे. कॅप्टनचा नियम आम्ही फळ्यावर लिहिलाय: टेकऑफआधी ब्रेकवर उभं राहून पूर्ण दोन मिनिटं फुल थ्रॉटल, बाउलमधला साठा संपून टाकीतून खरंच येतंय हे कळेपर्यंत. तापमानं मर्यादेत राहिली तरच पुढे. पट्टीच्या मध्यापर्यंत एकदाही अडखळलं तर थ्रॉटल बंद. आणि उडाल्यावर कमी उंचीवर इंजिन गेलं तर वळून पट्टीवर परत यायचं नाही, समोर जे मोकळं शेत दिसेल त्यात उतरायचं. वळताना वेग जातो आणि विमान पंखावर कोसळतं. म्हणून उड्डाणाच्या आदल्या दिवशी सर पट्टीच्या दोन्ही टोकांपलीकडे मोटरसायकलवर फिरून कुठला ऊस तुटलाय ते बघून येतात.

परवा पुन्हा फोन आला, कॅप्टनचा. चढताना खोकलं.

“पंप चालू केल्यावर सावरलं?”

“नाही.”

“थ्रॉटल कमी केल्यावर?”

“नाही. आणि आवाज वेगळा होता, पुढून.”

माप काढलंच नाही. सरांना म्हटलं, विमान ट्रॉलीवर घ्या आणि एएमईंना फोन लावा, मी मॅग्नेट प्लग काढायलाही येत नाही, तो त्यांच्यासमोरच निघू दे.